दहा हात लांब, दहा हात रुंद

मे महिन्यातली दुपार. जोहरची, म्हणजे दुपारच्या सामूहिक नमाजाची, जमात उभी राहायला दहा-बारा मिनिटं उरलेली. औरंगाबादेत, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरात, शहागंजच्या अलीकडे, जुन्या शहरातल्या एका मध्यम आकाराच्या मशिदीत वजूच्या, म्हणजे नमाजाआधी हात-तोंड-पाय धुण्याच्या, नळांवर सात-आठ जण बसले होते. सत्तरी ओलांडलेल्या एका चाचांनी बाह्या कोपराच्या वर सारल्या, तोटी फिरवली आणि झटकन हात मागे घेतला. गच्चीवरची काळी टाकी सकाळपासून उन्हात भाजत होती, तिच्यातून उतरणारा पाइप उघड्या भिंतीवरून आलेला. पहिलं दोन-चार लिटर पाणी चहाच्या आधणासारखंच येणार. शेजारच्या पोराने स्वतःची तोटी सरळ सोडून दिली आणि थंड पाणी यायची वाट बघत मोबाइल काढला. तेवढ्यात मशिदीची देखभाल करणारा खादिम म्हणाला, "ठैरो चाचा, ठंडा लाताऊँ." कोपऱ्यातल्या रांजणातून त्याने एक लोटा भरून आणला. चाचांचा वजू त्या एका लोट्यात झाला, शिवाय तळाशी थोडं उरलं. ते त्यांनी दाराजवळच्या मेंदीच्या कुंडीत ओतलं, आणि उठताना पायाखालच्या फरशीकडे बघत, कुणालाच उद्देशून नाही असं पुटपुटले, "हौद में ऐसा नै होता था."

पायाखालची फरशी म्हणजेच तो हौद. बुजवलेला.

वरून पाहिलं तर पांढऱ्या-हिरव्या चकचकीत टाइल्स. पण चारी बाजूंनी काळ्या दगडाची एक चौकट अजून शिल्लक आहे, आणि तिच्यावर ठराविक अंतराने खोलगट झालेल्या जागा आहेत. पाट्यावर वरवंटा फिरून पडतो तसा तो खळगा. पिढ्यान् पिढ्या लोक तिथेच बसून पाण्याकडे वाकले, त्याने दगड झिजला. आता त्या खळग्यांत जुम्म्याला, म्हणजे शुक्रवारी, पोरं चपला ठेवतात. चाचांचं वाक्य तक्रारीचं होतं की नुसतं आठवणीचं, ते कळायला मार्ग नाही. पण ज्या शहरात नळाला पाणी किती दिवसांनी येणार हा घराघरातला पहिला प्रश्न असतो, तिथे मशिदीच्या अंगणाखाली पाण्याचं एक रिकामं भांडं गाडलेलं आहे ही गोष्ट सुटता सुटत नाही.

हौदाचं माप ठरलेलं असतं. हनफी पंथात, आणि आपल्याकडच्या बहुतेक मशिदी त्याच पंथाच्या, त्याला 'दह-दर-दह' म्हणतात: दहा हात लांब, दहा हात रुंद. हात म्हणजे कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत, साधारण दीड फूट. म्हणजे पंधरा फूट बाय पंधरा फूट. आकार चौकोनीच हवा असं नाही. जागा अरुंद असेल तर वीस हात बाय पाच हातही चालतो. पृष्ठभाग शंभर चौरस हात भरला की झालं. खोलीची अट त्याहून साधी: ओंजळीने पाणी उचलताना तळ उघडा पडता कामा नये. एवढं माप भरलं की साठलेलं पाणी वाहत्या पाण्यासारखं धरतात. त्यात पक्ष्याने घाण केली, वाऱ्याने काही येऊन पडलं, तरी पाण्याचा रंग, वास किंवा चव बदलत नाही तोवर ते पाक, म्हणजे शुद्ध. प्रयोगशाळा नसलेल्या काळात डोळा, नाक आणि जीभ या तिघांवर सोपवलेली ही तपासणी. माप थोडं जरी कमी पडलं तर हा हिशेब लागू होत नाही, म्हणून जुने गवंडी हौद नेमक्या मापाचा न करता चारी बाजूंनी वीत-दोन विती वाढीव धरत. गिलावा चढला की आतलं माप घटतं, हे त्यांना ठाऊक होतं.

बसायच्या दगडात आणि पाण्यात एक बारीक पन्हळ सोडलेली असते. ओंजळ हौदातून भरायची, पण हातापायावरून गळणारं पाणी पन्हळीतच पडलं पाहिजे, हौदात परत नाही. नवखा माणूस हमखास इथे चुकतो; फार पुढे वाकतो आणि पाणी आत सांडतो. मग कुणीतरी म्हातारं माणूस न बोलता त्याचा खांदा मागे ओढतं. मनगटापर्यंत हात तीनदा, चूळ तीनदा, नाक तीनदा, चेहरा तीनदा, कोपरापर्यंत हात आधी उजवा मग डावा, ओल्या हाताने डोकं एकदा, कान, शेवटी घोट्यापर्यंत पाय. हे सगळं उकिडवं बसून, गुडघे छातीशी. हौदाच्या काठाला टेकू नसतो, त्यामुळे गुडघेदुखीची माणसं तिथे रखडतात. नळ आले तेव्हा सगळ्यात आधी खूश झाली ती हीच मंडळी. सिमेंटचा ओटा, समोर तोटी, पाय सोडून बसायची सोय. हौद गेला याला केवळ बेपर्वाई कारणीभूत, असं म्हणणं म्हणूनच खोटं ठरेल.

हौद जातो तो असा. पंधरा बाय पंधरा, त्यात तीन फूट पाणी म्हणजे एकोणीस हजार लिटर. मोठे दोन टँकर. मेमधल्या कोरड्या वाऱ्यात पाण्याची पातळी दिवसाला बोटाच्या अर्ध्या पेराएवढी, सेंटिमीटरभर खाली जाते. एवढ्या पृष्ठभागातून ते दोनशे लिटर होतात. म्हणजे कुणी ओंजळही भरली नाही तरी रोज एक बॅरल पाणी नुसती हवा पिऊन टाकते. पूर्वी हे भरून निघे, कारण वरून धार चालू असायची. धार बंद झाली आणि टँकरचं विकतचं पाणी ओतायची वेळ आली की हा बॅरल डोळ्यांत खुपायला लागतो. मग कमिटी ठरवते, उन्हाळ्यापुरता हौद कोरडा ठेवू. खरी चूक इथे होते. चुन्याच्या गिलाव्याला ओल हवी असते. दोन उन्हाळे कोरडा राहिला की गिलाव्याला केसाएवढ्या भेगा पडतात, कोपऱ्यातले सांधे सुटतात, आणि पुढच्या पावसाळ्यात भरला तर हौद आठ दिवसांत आपोआप रिकामा होतो. त्यावर कुणी सिमेंटचा गिलावा मारतं. चुन्याच्या अंगावर सिमेंट धरत नाही, पापुद्रे निघतात. मग शेवाळ, मग डास, मग डेंग्यूची भीती, मग एखादं लहान मूल काठावर धावताना दिसतं. चौथ्या-पाचव्या वर्षी टाइल्सवाला येतो.

चालू हौदाची निगा राखणं हे कामही काही सोपं नव्हतं. महिन्या-दीड महिन्याने उपसायचा. आधी मासे जाळीने धरून ड्रममध्ये काढायचे. मासे शोभेला नसतात, डासांच्या अळ्या तेच खातात. पाणी पन्हळीतून सोडून द्यायचं, नारळाच्या शेंडीने भिंती घासायच्या, तळाचा गाळ पाट्यांनी उचलायचा. तारेचा ब्रश लावायचा नाही. शेवाळाबरोबर गिलाव्याचा वरचा गुळगुळीत थरही खरवडला जातो. उपसण्याचा दिवस जुम्म्यानंतरचा, म्हणजे पुढच्या मोठ्या गर्दीपर्यंत सहा दिवस मिळतात.

आणि ती वरून येणारी धार कुठली, तर नहरीची. मलिक अंबरने 1617 च्या सुमारास खडकीसाठी, म्हणजे याच शहराच्या जुन्या रूपासाठी, नहर आणली आणि पुढे तिच्या जोडीला आणखी नहरी झाल्या, हे इथल्या शाळकरी पोरालाही पाठ असतं. पण नहर म्हणजे उघडा कालवा अशी समजूत पुष्कळांची असते. तो जमिनीखालचा मामला आहे. उत्तरेच्या डोंगरपायथ्याशी मुरलेलं पाणी भुयारात पाझरतं आणि मोटर-पंपाशिवाय निव्वळ उताराने शहराकडे चालू लागतं. शहराजवळ आलं की चुन्याने सांधलेले खापरी नळ. वाटेत जागोजागी उंच बांधीव मनोरे. पाणी मनोऱ्यात चढतं, अडकलेली हवा वर सुटते, दाब मोडतो, गाळ खाली बसतो, आणि पाणी पलीकडच्या नळातून पुढे उतरतं. मनोरा नसता तर दाबाने खापर फुटलं असतं. ही व्यवस्था बिघडायलाही कुणाची लढाई लागली नाही. वडा-पिंपळाची मुळं सांध्यातल्या ओलीचा वास काढत आत शिरतात, क्षार बसून नळाचं तोंड अंगठ्याएवढं होतं, आणि कुणीतरी घराचा पाया खणताना खाली लागलेलं खापर फोडून पुढे जातं. त्याला वाटतं जुनं गटार असेल. पुढे ते खरंच गटार होतं.

शहागंजची मोठी मशीद बघितली की ही माणसं पाण्याचा विचार कुठून सुरू करत होती ते लक्षात येतं. 1720 च्या आसपासचं बांधकाम. पुढे पाच महिरपी, आत चोवीस खांब, मधोमध एकच फुगीर घुमट, त्याच्या बुडाशी कमळाच्या पाकळ्या. लोक घुमट बघतात. पण मोगल इतिहासकार खाफी खान लिहितो ते हौदाबद्दल: सय्यद हुसेन अलीच्या सुभेदारीत तो हौद सुरू झाला, पुढे एवज खानाने मशीद आणि इमारती वाढवल्या, तरी त्या विस्तीर्ण हौदाचं श्रेय पहिल्याचंच, उन्हाळ्यात पाण्याची टंचाई झाली की शहरवासीयांचे हाल त्यानेच कमी होतात. नमाजी नव्हे, शहरवासी. अंगणात एकाला दोन हौद बांधलेत ते उगाच नाही.

त्याच मशिदीचं जोतं बघा. उंच आहे, आणि पोकळ आहे. तीन बाजूंना रस्त्याकडे तोंड करून दुकानं, उत्तरेला पायऱ्या. सिटी चौकातल्या चौक मशिदीचंही तसंच. औरंगजेबाचा मामा शाहिस्तेखान याने ती 1665 मध्ये बांधली, तिच्याही जोत्यात दुकानं आहेत आणि समोर हौद आहे. वर नमाज, खाली बाजार. यात कुणाला काही वावगं वाटलं नाही, कारण दिवाबत्ती, चटया, अजान देणाऱ्या मुअज्जिनचा पगार, हौद उपसायची मजुरी हे सगळं त्या गाळ्यांच्या भाड्यातून निघायचं. जोतं उंच केल्याने पावसाळ्यातलं रस्त्याचं पाणी अंगणात येत नाही, आणि पोकळ ठेवल्याने मशिदीला उत्पन्न मिळतं. एका दगडी कामात दोन कामं. बिघडतं ते भाड्याच्या आकड्यात. आजोबांच्या काळातलं भाडं नातवापर्यंत तसंच चालत राहतं, गाळा हातोहात फिरतो, मूळ कागदावरचा माणूस केव्हाच कबरीत गेलेला असतो. भाडं वसूल करायला जाणारा मुतवल्ली, म्हणजे मशिदीचा कारभारी, दुकानात चहा पिऊन जेवढं घेऊन परततो, त्यात महिन्याचं विजेचं बिलही धड निघत नाही. मग जुम्म्याला वर्गणीसाठी चादर फिरवावी लागते. जाता जाता एक: राज्याच्या वक्फ मंडळाचं मुख्य कार्यालय आपल्याच शहरात, तेही पाणचक्कीच्या आवारात आहे. दानाच्या जमिनींचा कागद आणि नहरीचं पाणी एकाच कुंपणात.

पाणचक्कीचा हौद तर मुद्दाम बघण्यासारखा. लोक धबधब्यासमोर फोटो काढतात आणि जातं बघून बाहेर पडतात. पण तो लांबच लांब हौद हे खालच्या दालनाचं छत आहे. डोक्यावर पाणी, खाली खांबांचं प्रशस्त दालन, आणि एप्रिल-मेमध्येही तिथे पाय ठेवला की मानेवरचा घाम सुकतो. म्हणजे पाणी छतावर ठेवायचं त्यांनाही सुचलं होतं. फरक एवढाच की त्यांच्या छतावरचं पाणी खालच्या माणसाला गारवा देतं आणि आपल्या गच्चीवरची काळी टाकी चाचांचा हात पोळते. जाड दगड, उघडा पृष्ठभाग, वरून जाणारा वारा. जे बॅरलभर पाणी हवा पिऊन जाते म्हणून आपण कुरकुरतो, त्याच बॅरलाच्या मोबदल्यात ती गारवा देऊन जात असते. मशिदीचं दालन अंगणाकडे उघडं असतं, मध्ये हौद; दुपारी अंगणातून येणारी झुळूक पाण्यावरून घासून आत यायची. आता त्या जागी टाइल्स तापतात, आणि अनवाणी माणसं तागाच्या ओल्या पट्ट्यांवरून पावलं उचलत, जवळजवळ उड्या मारतच सफेपर्यंत, म्हणजे नमाजाच्या रांगेपर्यंत, पोचतात.

संध्याकाळी मात्र मशिदीची हीच जागा वेगळी असते. मगरिबच्या, म्हणजे सूर्यास्ताच्या नमाजाच्या, आधी पायऱ्यांशी आया उभ्या राहायला लागतात. कडेवर किरकिरणारं, ताप उतरत नसलेलं, रात्री दचकून उठणारं पोर. कुणाच्या हातात स्टीलचा पेला, त्यावर झाकण म्हणून पदर. जमात सुटली की बाहेर पडणारा एकेक नमाजी चालता चालता वाकतो, ओठांत काही पुटपुटून पोराच्या चेहऱ्यावर आणि पेल्यातल्या पाण्यावर फुंकर घालतो आणि पुढे जातो. चपला शोधणारा भंगारवाला, बँकेतला कारकून, अत्तरवाला, कॉलेजची पोरं, सगळेच. फुंकर घालायला मौलवीच लागतो असं नाही. उभ्या असलेल्या बायकांत बुरख्याइतकीच नऊवारीही दिसते. रंगारगल्लीपलीकडून, भाजीबाजारातून आलेल्या. डॉक्टरचं औषध चालूच असतं, पिशवीत बाटली दिसते. पण पेला रिकामा झाल्याशिवाय त्या घरी जात नाहीत. काही पोराला पाजतात, उरलेलं त्याच्या डोळ्यांना लावतात. यावर खुद्द मुसलमानांतही दोन मतं आहेत. नव्या विचाराचे काही इमाम नाक मुरडतात. पण पायऱ्यांशी येणाऱ्या बाईला परत जा म्हणायची हिंमत अजून तरी कुणाची झालेली दिसत नाही.

जिन्याखाली एक कुलूपबंद खोली असते. तिथे मयत न्यायचा डोला आणि मयताला अंघोळ घालायचा तख्ता. मोहल्ल्यात कुणी गेलं की लाउडस्पीकरवरून 'एक जरूरी एलान' होतं, नाव, वडिलांचं नाव, जनाज्याची नमाज कुठे, दफन कुठे, दोनदा. आणि एलान संपायच्या आत कुणीतरी किल्ली मागायला आलेलं असतं. तख्ता पायाकडे किंचित उतरता हवा, नाहीतर पाणी पाठीखाली साचतं. पाणी कोमट, त्यात बोरीची पानं उकळलेली, शेवटच्या धुण्याला कापूर. तीनदा, गरज पडली तर पाच, पण विषम. पुरुषाला कफनाचे तीन कपडे, बाईला पाच. या सगळ्याला चार-पाच बादल्या पाणी लागतं आणि ते तातडीने लागतं. ज्या आठवड्यात नळ आलेला नसतो, त्या आठवड्यात गल्लीतल्या छोट्या घरातून हमखास निरोप येतो. मशिदीची टाकी त्यासाठी कधीच पूर्ण रिकामी होऊ द्यायची नाही, हा अलिखित नियम. वजूचे नळ बंद ठेवून, लोकांना घरून वजू करून यायला सांगून तळाचं पाणी राखून ठेवल्याचे दिवस या शहराने बघितलेत.

वजूला पाणी किती लागावं याचंही उत्तर जुनं आहे. पैगंबर एका 'मुद' पाण्यात वजू करत, असं हदीसमध्ये येतं. मुद म्हणजे मध्यम बांध्याच्या माणसाच्या दोन्ही हातांची भरलेली ओंजळ. द्रवाच्या हिशेबात पाऊण लिटरच्या आसपास. तोटी पूर्ण सोडली तर मिनिटाला सहा-सात लिटर सहज जातात, आणि निवांत वजूला मिनिटभर लागतंच. थंड पाणी यायची वाट बघितली तर दोन. जुम्म्याला तीनशे माणसं धरा. ओंजळीच्या हिशेबाने सव्वादोनशे लिटर, तोटीच्या हिशेबाने दोन हजार. वाहत्या नदीकाठी बसलात तरी पाणी उधळू नका, असं मौलवी जुम्म्याच्या खुतब्याआधी, म्हणजे प्रवचनाआधी, सांगतात, सगळे मान डोलावतात. पण तोटी ही वस्तूच अशी आहे की हातात पाणी दिसत नाही, नुसता आवाज येतो. हौदात माणूस ओंजळीपुरतंच घेऊ शकत होता. काही मशिदींनी आता पन्हळीचं पाणी गटारात न सोडता वाळू-विटांच्या तुकड्यांच्या शोषखड्ड्यात वळवलंय, बोअरला पाणी परत मिळावं म्हणून. वजूच्या पाण्यात साबण नसतो, त्यामुळे खड्डा लवकर तुंबत नाही. फक्त वरची जाळी आठवड्याला झाडावी लागते, दाढीचे आणि डोक्याचे केस साठतात.

चाचांच्या त्या मशिदीत शोषखड्डा नाही. तिथल्या खादिमाने त्याची वेगळी युक्ती काढली आहे. असरची, म्हणजे दुपार कलतानाच्या नमाजाची, जमात सुटली, उन्हं कलली, की तो शेवटच्या नळाखाली एकामागून एक चार बादल्या लावतो आणि पाइपातलं तापलेलं पाणी त्यांत काढून घेतो. बादल्या रांगेने भिंतीच्या सावलीत, त्याच जुन्या काळ्या दगडांवर, खळग्यांत बूड नीट बसवून. मगरिबपर्यंत पाणी निवतं. म्हातारी माणसं नळाकडे जातच नाहीत, लोटा बुडवून तिथेच बसतात.

चौथी बादली मात्र खाली जाते. पायऱ्यांशी बसणारी भाजीवाली मावशी पाच लिटरचा कॅन घेऊन वर बघत असते. "मावशी, थांबा जरा, जमात उभी राहू द्या," तो वरूनच म्हणतो. "आवरा की तुमचं, मला काय घाई हाय," ती म्हणते आणि हातातल्या पोत्याने कोथिंबिरीवरच्या माश्या हाकलत राहते. अजान होते. आत सफा लागतात, बाहेर रस्त्यावर रिक्षांचे हॉर्न. मग तो बादली घेऊन उतरतो, कॅन भरतो; उरलेल्यात ती पोतं बुडवते, पिळते आणि जुड्यांवर अंथरते.